अडकलेली रिकीब

मी एक जुना कान आहे. दचकू नका, मित्रांनो. मी कुणाच्या डोक्यावरून निखळून पडलेलो नाही. मी लाकडाचा, कागदाच्या लगद्याचा आणि प्लॅस्टरचा आहे, एखाद्या मोठ्या कलिंगडाएवढा. परिचारिका घडवणाऱ्या एका महाविद्यालयात, शरीररचनेच्या वर्गातल्या कपाटावर माझा मुक्काम असतो.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. डोळ्याला पापणी असते, तोंडाला ओठ असतात. नको ते समोर आलं की डोळा मिटता येतो. मला मिटता येत नाही. जे येईल ते आत घ्यावं लागतं, आणि येतं ते बहुधा अर्धंच येतं. उरलेलं अर्धं मग मन रचतं. मनाने रचलेलं अर्धं चांगलं निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

मला घडवलं ते नमुने बनवणाऱ्या एका कारागिराने. कानाचा नमुना हवा होता म्हणून तो बरेच दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांचे कान न्याहाळत हिंडला. लोक त्याच्याकडे वळून वळून बघायचे. त्याच्या बायकोला तर वेगळीच शंका आली. "शेजारणीच्या कानात एवढं काय बघण्यासारखं आहे?" असं तिने विचारल्यावर त्याने निमूटपणे सासऱ्यांनाच स्टुलावर बसवलं. माझी पाळी सासऱ्यांची आहे, लांब आणि जरा उद्दाम.

पाळीमागे एक झाकण आहे. ते उघडलं की आत बोगदा दिसतो. बोगद्याच्या टोकाला पातळ कातड्याचा पडदा आहे. पडद्यामागे तीन हाडं एकमेकांना टेकून उभी आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यांच्या पलीकडे शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, तिला गोगलगाय म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी एक इवली खिडकी. प्रत्येक तुकडा सुटा करता येतो. रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ती कडी. माझी रिकीब बोटभर आहे. तुमच्या कानातली मात्र तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. अख्ख्या शरीरात तिच्याहून लहान हाड नाही.

मी महाविद्यालयात आलो आणि मोठ्या मॅडमच्या पदरी पडलो. तेव्हा त्या काही मोठ्या नव्हत्या, नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. त्यांची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. इतर शिक्षक नावं पाठ करून घेत. मोठ्या मॅडम नावांची झडती घेत.

"ही धमनी. धमनी म्हणजे काय?"

"शुद्ध रक्त नेणारी वाहिनी, मॅडम."

"ते तिचं काम झालं. मी नावाचा अर्थ विचारतेय." मग त्या स्वतःच सांगत. "धमनी या शब्दाच्या पोटात फुंकणं आहे. लोहार भाता फुंकतो, ते फुंकणं. तिकडे ग्रीक लोकांनी तिला जे नाव दिलं, त्यातही हवाच आहे असं सांगतात. मेलेल्या शरीरात धमनी रिकामी सापडायची, म्हणून त्यांना वाटलं, हिच्यातून वारा वाहतो. आहे का हिच्यात वारा?"

"नाही, मॅडम. रक्त."

"म्हणजे शब्द खोटं बोलला. शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. आधी संशय घ्यायचा, मग शिकायचं."

कधी त्या मुलींना एकमेकींच्या डोळ्यात बघायला लावत. "मधल्या काळ्या ठिपक्यात कोण दिसतंय?" "मीच, मॅडम! एवढीशी!" "झालं तर. तीच बाहुली. लॅटिनमध्येही तिला बाहुलीच म्हणतात. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण डोळ्यात डोकावल्यावर दोघांना तीच दिसली." आणि पाठीच्या कण्याचं शेवटचं हाड? तिथे ग्रीकांना कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याची चोच दिसली, आपल्याला दिसलं माकड. "ज्याची त्याची नजर," असं मॅडम म्हणायच्या आणि वर्ग हसायचा.

माझी पाळी आली की त्या रिकीब हातात घेत. "हिच्या लॅटिन नावाची गंमत ऐका. जुन्या रोमन लोकांच्या घोड्यांना रिकीबच नसायची. वस्तूच नाही, तर शब्द कुठला? तो पुढे कुणीतरी जुळवला. उभं राहणं आणि पाय, हे दोन शब्द जोडून." मग त्या ती कडी गोगलगाईच्या खिडकीवर अलगद बसवत. मला गुदगुल्या होत.

ती वर्षं सुखाची होती, मित्रांनो. जुन्या विद्यार्थिनी भेटायला येत, तेव्हा मला हात लावून म्हणत, "अगं, हा अजून आहे!" मी फुलून जाई.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. मोठ्या मॅडमचा आवाज बारीक होऊ लागला. पूर्वी शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा, तो आता दुसऱ्या बाकावर पोचताना धापा टाकू लागला. मुली विचारायच्या, "काय म्हणालात, मॅडम?" मॅडमच्या कपाळाला आठी पडायची. मुली पुन्हा आपसात बोलायच्या आणि मॅडमची नजर त्यांच्या ओठांवर खिळायची.

"काय चाललंय मागे? माझ्याबद्दल बोलताय ना?"

"नाही, मॅडम."

मी ऐकत होतो. मागच्या मुली म्हणत होत्या, "मॅडमचा घसा बसलाय का गं? त्यांना गरम पाणी आणून देऊ या का?" एवढंच. पण मी पडलो कान. मला तोंड नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी सावली आली, ती मग उतरलीच नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणी हसलं की त्यांना वाटे, आपल्यावरच हसले. दाराआड कुणी बोललं की त्यांना वाटे, आपल्याच मुळावर उठलेत. त्यांनी दार उघडं ठेवून शिकवायला सुरुवात केली. त्या खुर्ची भिंतीला टेकवून बसू लागल्या, पाठीमागे कुणी नको म्हणून.

त्याच सुमाराला धाकट्या मॅडम रुजू झाल्या. हसतमुख, पायाला भिंगरी लावल्यासारख्या. त्यांनी येताना एक नवा कान आणला. प्लॅस्टिकचा, गुळगुळीत, गुलाबी. बटण दाबलं की आत दिवे लागत. म्हणतात ना, कानामागून आली आणि तिखट झाली. तसंच हे. त्याला टेबलावर जागा मिळाली आणि मी कपाटाच्या टोकाला सरकलो, तेही भिंतीकडे तोंड करून. माझ्या मनात त्या बाईंबद्दल अढी बसली, हे मी लपवत नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर धाकट्या मॅडम आणि प्राचार्य दाराशी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. माझं भोक भिंतीकडे. तरी दोन तुकडे माझ्यापर्यंत आले. "त्यांना सांगणार कोण?" हा एक. आणि प्राचार्यांचं, "पुढच्या सत्रापासून हा वर्ग तुम्हीच घ्या," हा दुसरा. मला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. ही बाई प्राचार्यांचे कान भरतेय, मोठ्या मॅडमची खुर्ची बळकावतेय, आणि त्यांच्याबरोबर माझीही रवानगी अडगळीत करणार, हे मी ताडलं.

नेमक्या तेवढ्यात मोठ्या मॅडम आत आल्या. दोघंही एकदम गप्प झाले.

"काय बोलत होता?"

"काही नाही, मॅडम," धाकट्या मॅडम म्हणाल्या.

"काही नाही" इतकं वाईट उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. मोठ्या मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर काही दिसत नसतानाही बराच वेळ बघत राहिल्या.

मग तोंडी परीक्षा आल्या. टेबलावर धडाचा नमुना उघडून ठेवलेला, आणि परीक्षा घ्यायला दोघी मॅडम. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी आत आली. हुशार पोरगी, पण परीक्षेत तिचा आवाज घशातच अडकायचा. मोठ्या मॅडमनी यकृताखालच्या हिरव्या पिशवीवर बोट ठेवलं.

"पित्ताशय," मुलगी पुटपुटली.

"मूत्राशय? इथे? बरगड्यांच्या खाली?"

"नाही मॅडम, पित्ताशय."

"तेच तेच काय सांगतेस? आशय म्हणजे काय?"

मुलीने खाली बघूनच उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. मी ऐकलं. धाकट्या मॅडमनीही ऐकलं, कारण त्या मध्येच म्हणाल्या, "मॅडम, ती बरोबर सांगतेय." मोठ्या मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचे पुढचे शब्द ओठांवरच राहिले. उंच मुलगी नापास झाली. तिचं एक वर्ष जाणार होतं. बाहेर जाऊन ती भिंतीला टेकून रडली, तेही मी ऐकलं.

मुलीने तक्रार केली आणि प्राचार्यांनी सगळ्यांना माझ्याच वर्गात बोलावलं. मोठ्या मॅडम भिंतीला पाठ लावून बसल्या. समोर प्राचार्य, शेजारी धाकट्या मॅडम आणि दाराजवळ ती मुलगी.

"मॅडम, ही म्हणते तिने पित्ताशयच सांगितलं होतं," प्राचार्य म्हणाले.

"म्हणणारच! तिला पढवलंय. मला काय कळत नाही? येता-जाता कुजबुज, मी आले की तोंडं बंद. तुम्हाला मी नकोशी झालेय, तर सरळ सांगा. ह्या पोरीच्या खांद्यावरून बंदूक कशाला?"

"मॅडम, मला कुणी काही पढवलं नाही..." मुलगी म्हणाली. पण तेवढ्यात बाहेर एकच घरघराट सुरू झाला. आमच्याकडे साफसफाई बघणारे मामा आहेत. त्यांनी व्हरांड्यात फरशी घासायचं यंत्र चालू केलं होतं. काचा थरथरायला लागल्या. प्राचार्यांनी कानावर हात ठेवले. धाकट्या मॅडम त्यांच्याकडे झुकल्या आणि यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून ओरडल्या:

"सर, आता तरी सांगा त्यांना! त्यांना ऐकू येत नाहीये! मी केव्हापासून म्हणतेय!"

"मला ऐकू येत नाही?" मोठ्या मॅडम उठल्याच. "कुणाला ऐकू येत नाही? आत्ता तुम्ही जे म्हणालात त्यातला शब्द न् शब्द ऐकला मी!"

यंत्र घरघरत होतं. उंच मुलगी दारातून मोठ्याने म्हणाली, "मॅडम, मी खरंच पित्ताशय म्हणाले होते!"

"पित्ताशय," मॅडम म्हणाल्या. "हो. ऐकलं."

मग मामांनी यंत्र बंद केलं आणि खोलीत शांतता पसरली. प्राचार्य त्यांच्या नेहमीच्या सौम्य आवाजात काहीतरी बोलले. मॅडम त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. ते सगळ्यांना दिसलं, आणि मुख्य म्हणजे ते त्यांना स्वतःला दिसलं.

त्या सावकाश माझ्याकडे आल्या. त्यांनी मला कपाटावरून उतरवलं, पदराने धूळ पुसली आणि झाकण उघडलं. बऱ्याच दिवसांनी त्यांची बोटं माझ्या रिकिबीला लागली. त्यांनी ती खिडकीवर बसवली आणि घट्ट दाबून धरली. मग दुसऱ्या हाताने हातोडी हलवून पाहिली. हातोडी हलली, ऐरण कुरकुरली, रिकीब जागची हलली नाही.

"गोंगाटात ऐकू येतं," त्या कुणाला तरी सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "गोंगाटात सगळेच ओरडून बोलतात, आणि गोंगाट मात्र मला अर्धाच पोचतो. शांततेत येत नाही. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, म्हणून मी हळू बोलते. आणि ह्या मुली विचारतात, काय मॅडम, काय मॅडम." त्या खुर्चीत बसल्या. "माझी रिकीब अडकलीय. भोवती हाड वाढलं की ती जाम होते. हे मी किती वर्षं शिकवतेय! माझ्या आत्याला चाळिशीतच ऐकू येईनासं झालं होतं. घरात कुणी हळू बोललं की ती अंगावर यायची. आम्ही म्हणायचो, आत्या खाष्ट आहे. आत्या संशयी आहे."

धाकट्या मॅडम त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि मोठ्याने, स्पष्ट बोलल्या. "मी तुमच्यामागे बोलले, हे खरं आहे. तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही."

"आणि वर्ग?"

उत्तर प्राचार्यांनी द्यायला हवं होतं. ते खाकरले आणि मग त्यांनीही आवाज चढवला. "पुढच्या सत्रापासून ह्यांना द्यायचं मी ठरवलं होतं. तुम्हाला न विचारता. ते चुकलंच."

म्हणजे बघा, मित्रांनो. संशय अगदीच हवेतला नव्हता. कुजबुज होती, वर्गही जाणार होता. पण ज्या कारणासाठी सगळं चाललं होतं, ते मोठ्या मॅडमनी निराळंच धरलं होतं, आणि मीही.

मोठ्या मॅडमनी डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं. "मामा! यंत्र पुन्हा चालू करा!"

"फरशी झाली की, मॅडम! आरसा झालाय नुसता!" मामा बाहेरून ओरडले.

"फरशी राहू द्या. मला परीक्षा घ्यायचीय!"

अशी परीक्षा त्या महाविद्यालयात आधी झाली नव्हती, नंतरही झाली नाही. व्हरांड्यात यंत्र घरघरतंय, मामा ते एकाच जागी फिरवतायत, आणि आत मोठ्या मॅडम विचारतायत आणि उंच मुलगी बेंबीच्या देठापासून ओरडून उत्तरं देतेय. पित्ताशय! मूत्राशय! गर्भाशय! आशय म्हणजे जिथे काहीतरी निजून राहतं ती जागा, मॅडम! घाबरायला त्या पोरीला सवडच मिळाली नाही. ती उत्तम गुणांनी पास झाली, आणि मॅडमनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "चूक माझी होती. तुझं वर्ष मी घालवणार होते."

कानाच्या डॉक्टरांनी मोठ्या मॅडमचं निदान खरं ठरवलं. शस्त्रक्रियेला मात्र त्या सहजासहजी तयार होईनात. "भूल देणार म्हणे. भूल हा शब्दच बघा ना! चूक म्हणजे भूल, फसवणूक म्हणजे भूल. ग्रीकांकडे नुसतं 'संवेदना नाही' इतकं साधं नाव आहे. आपण भूल पाडतो." धाकट्या मॅडम म्हणाल्या, "मॅडम, कानापुरतीच भूल आहे. तुम्ही जाग्याच असाल. लक्ष ठेवा त्यांच्यावर." ते त्यांना पटलं.

परत आल्यावर त्यांनी सगळं धाकट्या मॅडमना इथेच बसून सांगितलं. अडकलेली रिकीब काढून डॉक्टरांनी तिथे एवढासा दट्ट्या बसवला. टेबलावर असतानाच कानाशी काहीतरी किणकिणलं. डॉक्टरांनी विचारलं, "ऐकू येतंय का?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ओरडताय कशाला?" डॉक्टर तर हळूच बोलले होते. पुढे काही दिवस चक्कर येत राहिली, त्या भिंतीला धरून चालल्या. उजवा कान सुधारला. डावा अजून तसाच होता. पण एक कान पुरे होता, असं त्या म्हणाल्या, फक्त माणसाने योग्य बाजूला बसायला हवं.

वर्ग त्यांच्याकडेच राहिला, आणि त्यानंतरच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले. आशय आणि संशय. अभ्यासक्रमात दुसरा शब्द नव्हता.

"फोडा," त्या म्हणाल्या.

उंच मुलगी उभी राहिली. "आशयात निजणं आहे, मॅडम. जिथे काही निजून राहतं ते."

"आणि संशयात?"

"तिथेही निजणंच असेल... पण सम् म्हणजे एकत्र."

"बरोबर. संशय म्हणजे मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी निजलेल्या असतात. हसतायत ते माझ्यावर, किंवा हसतायत ते दुसऱ्याच कशावर. आपण दोघींनाही निजू देतो आणि नुसते बघत बसतो. हा अर्थ माझा मी लावलाय, परीक्षेत लिहू नका. पण शब्दाची झडती घेताना मी तुम्हाला जे सांगते ते माणसांच्या बाबतीत मी केलं नाही. संशय घेतला, पण विचारलं नाही."

मागच्या बाकावर बसलेल्या धाकट्या मॅडम काहीतरी बोलल्या. त्या नेमक्या डाव्या बाजूला होत्या. मोठ्या मॅडमनी मान वळवली, उजवा कान पुढे केला आणि म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. धाकट्या मॅडम उठल्या, पुढे आल्या आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. काय सांगितलं ते अगदी किरकोळ होतं. खिडकी लावू का, एवढंच विचारत होत्या.

आता मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या आहेत. धाकट्या मॅडमना मुली 'मोठ्या मॅडम' म्हणतात. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं, हे मला उशिरा कळलं. त्यांनीच माझा फाटलेला पडदा बदलला आणि मला पुन्हा वर्गाकडे तोंड करून ठेवलं. प्लॅस्टिकच्या कानातले दिवे कधीच गेले. आम्ही दोघं एकाच फळीवर असतो. तो फारसा बोलत नाही. मला वाटतं, तो माझ्यावर संशय घेतो.

माझा रंग उडालाय, पाळीला तडा गेलाय. तेव्हा मित्रांनो, माझ्या भोकात पेन्सिल घालून बघू नका, आणि तुमच्या स्वतःच्या कानातही पिना, काड्या घालू नका. शिवाय तुमच्या घरात एखादी आत्या, एखादे आजोबा, एखादा मित्र असेल, ज्याला कमी ऐकू येतं आणि म्हणून तो उगाच चिडतो, उगाच दुसऱ्यांच्या ओठांकडे बघतो. त्याच्यासमोर कुजबुजू नका. त्याने "काय म्हणालास?" असं विचारलं तर "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. त्याच्यासमोर जाऊन बसा आणि पुन्हा सांगा. किरकोळ असलं तरी सांगा.